वर आलेला हुलगा

मी एक जुना, जळका हुलगा आहे. वय तीन हजार वर्षांच्या आसपास. पण मित्रांनो, मला बिचारा म्हणू नका.

मांडवगण फराट्याच्या शिवारात, नदीकाठी, एक बाई खापरात हुलगे भाजत होती. मी उडालो तो थेट निखाऱ्यात. माझी भावंडं माडग्यात शिजली, खाली सांडली ती कुजली. मी कोळसा झालो, आणि कोळशाला कीड लागत नाही. म्हणून मी टिकलो. वरची घरं पडून पांढरी माती झाली, तिचं टेकाड झालं. लोकांनी ती गाड्या भरभरून घरांच्या मातीच्या धाब्यांवर टाकायला नेली, रानात पसरली. टेकाड निम्मं झालं, तरी मी चुलीत ठाण मांडून होतो.

यंदा टेकाडाचे मालक हरिबा ते सपाट करून ऊस लावणार होते. जुन्या वस्त्यांतलं धान्य शोधणाऱ्या गौतमीताईंनी त्यांना थांबायला विनवलं.

"खापरं कुठंबी घावत्यात," हरिबा म्हणाले. "उद्या जेसीबी येणार हाय. तवर त्या लोकांच्या पोटाचं, खाण्याचं कायतरी दावा, मग बोलू."

ताईंनी माझ्या चुलीतली सगळी राख बादलीतल्या पाण्यात सोडली. माती तळाशी बसली. जळून हलका झालेला मी वर आलो. ताई गाळायचं फडकं आणायला वळल्या, तोच मदतीला आलेल्या राहू गावच्या ताईबाईंनी सवयीनं बादली तिरपी करून वरचं पाणी ओतून दिलं!

"मावशी, काय केलंत!"

"वर आलं ते पोचट. धान्य धुताना आमी तेच फेकतो की!"

"इथं उलटं असतं, मावशी. जळलेलं धान्यच वर येतं. आणि चुलीतली राख तेवढीच होती."

हरिबा खो खो हसले. "घ्या! इतकी वर्सं ऱ्हायलं, ताईबाईनं एका झटक्यात घालवलं!"

ताईबाई चवताळल्या. "हसू नगा, आप्पा! मी सांडलंय, मीच हुडकीन."

त्यांनी ओली जमीन बोटभर खरवडली आणि सगळा चिखल पुन्हा बादलीत घातला. त्यासोबत मीही तळाशी गेलो. पण मी काय बुडतोय! चिखल झटकून वर आलो. या खेपेला फडकं तयार होतं.

हरिबांनी मला तळहातावर घेतलं. हसू थांबलं.

"ह्यो तर हुलगा! आमचा आजा मेंढरांमागं हिंडायचा तवा ह्याच्याच माडग्यावर जगला." मग त्यांनी खिशातून फोन काढला. "जेसीबी नगं रं उद्या. ऊस खालच्या रानात लावू."

आता मी काचेच्या डबीत असतो. मित्रांनो, तुमच्या गावाला पांढरीचं टेकाड असेल, तर घमेलं भरण्याआधी जरा वाकून बघा. माझ्यासारखं कुणी तिथं हट्टानं बसलेलं असेल. मला पेरलंत तर मी उगवणार नाही. पण फेकलंत, तर पुन्हा वर येईन.