आकडा वाढला तेव्हा

माझा धाकटा भाऊ डॉक्टर आहे. तो वरच्या मजल्यावर रक्ताच्या कर्करोगाचे पेशंट बघतो आणि मी त्याच इमारतीच्या तळघरात मायक्रोस्कोपला डोळा लावून त्याच रोगाच्या पेशी बघते. उभी हयात त्यात गेली. "ताई, तुझ्या पेशी कुरकुर करत नाहीत, माझे पेशंट करतात," असं तो येताजाता ऐकवतो. मी त्याला सायकल शिकवलेली आहे, त्यामुळे मला त्याचा धाक कसा तो वाटत नाही.

माझं सगळं संशोधन एका गोष्टीवर उभं आहे. या पेशी काचेच्या बशीत एकट्या ठेवल्या की औषधाच्या थेंबाने मरतात, शरीरात मात्र त्याच औषधाला पुरून उरतात. कारण तिथे त्या हाडांच्या आतल्या मऊ गराला, अस्थिमज्जेला, चिकटून बसतात आणि तिथे त्यांचे नको तेवढे लाड होतात. पेशंटची मज्जा बशीत ठेवली की तळाला तिचा चिकट थर धरतो, तो सगळे घाण म्हणून धुऊन टाकत. मी तो राहू दिला. त्यावर बसलेल्या पेशी औषध ओतलं तरी ढिम्म! उंदीर बिळात असताना अंगणात काठी आपटून काय होणार? आधी त्याला बाहेर काढायला हवा. बाहेर काढणारी गोळी सापडेपर्यंत माझ्या बरोबरीचे निम्मे लोक साहेब झाले आणि उरलेले मला वेडी म्हणून मोकळे झाले.

ती गोळी माणसाला पहिल्यांदा दिली ती शिवणबाईंना. बाई शिवणकाम करायच्या, म्हणून वॉर्डात सगळे त्यांना तसंच म्हणत. त्यांचा रोग दोनदा उलटला होता आणि देण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. गोळी सुरू झाली आणि चौथ्या दिवशी सकाळी भाऊ जिना उतरून माझ्या दारात उभा राहिला.

"रक्तातल्या खराब पेशी तिप्पट झाल्यात. गोळी बंद करतोय."

"बंद करून तर बघ!"

"ताई, रोग भडकलाय."

"भडकला नाही. बाहेर आलाय. हेच तर हवं होतं आपल्याला."

"हे तुझं म्हणणं. त्या बाई गेल्या तर त्यांच्या मुलीसमोर मी उभा राहणार, तू नाही. उंटावरून शेळ्या हाकू नकोस."

लागलं मला ते, कारण खरं होतं. माझी चूक असेल तर ती वर खाटेवर झोपलेली होती. माझी पाचावर धारण बसली, पण त्याला दिसू दिलं नाही.

"मला त्यांचं रक्त दे," मी म्हणाले. "संध्याकाळच्या गोळीपर्यंत थांब."

रोग भडकला असेल तर रक्तात एकीच्या दोन होणाऱ्या पेशी दिसणार. नुसत्या बिळातून हुसकलेल्या असतील तर त्या भटकतील, वाढणार नाहीत. वाढणाऱ्या पेशीला लाल रंग धरतो, बाकीच्यांना निळा. स्लाइड तयार झाली, पण मी आधी बघितलीच नाही. भावाला खाली बोलावलं आणि माझ्या स्टुलावर बसवलं.

"माझ्या शब्दावर जाऊ नकोस. तूच बघ."

तो बराच वेळ वाकून होता. मी त्याच्या मानेकडे बघत उभी.

"निळ्या," तो म्हणाला. "सगळ्या निळ्या आहेत गं."

"मग?"

"मग गोळी चालू. आणि मारायचं औषध आजच जोडतो, उघड्यावर आहेत तोवर."

आम्ही दोघं वर गेलो. आकडा वाढलाय, तरी पुढे जायचंय, हे त्याने बाईंना आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यांनी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं.

"भांडलात वाटतं?"

"कडाक्याचं," मी म्हणाले.

"मग नीट बघितलं असणार. द्या."

आकडा उतरू लागला. बाई उलट्यांनी अर्ध्या झाल्या, ताप आला, गेला, पुन्हा आला, आणि मी रोज काहीतरी निमित्त काढून जिना चढत राहिले. शेवटी मज्जा तपासायचा दिवस उजाडला. दोन स्लाइड घेऊन भाऊ स्वतः आला.

"शोध," तो म्हणाला.

हजारो चांगल्या पेशींमध्ये एक खराब असली तरी माझ्या नजरेतून सुटत नाही. सापडली की मला आनंद होतो, हेही निर्लज्जपणे सांगते. मी स्लाइड या कडेपासून त्या कडेपर्यंत पालथी घातली. मग दुसरी घेतली.

"ताई, पुरे."

"गप्प बस. कोपरा राहिलाय."

कोपराही स्वच्छ निघाला. "नाहीत!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या खोलीतले लोक धावत आले. भाऊ खुर्चीवर मटकन बसला आणि रडायलाच लागला. मीही रडले. पुरेसं रडून झाल्यावर धापा टाकत वर गेलो.

शिवणबाई उशीला टेकून वाट बघत होत्या. मुलीने त्यांचा हात घट्ट धरला होता.

"काय सापडलं?" त्यांनी विचारलं.

"काहीच सापडलं नाही," मी म्हणाले. एवढ्या दिमाखात हे वाक्य मी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं.

"परत सांगा."

मी परत सांगितलं.