मोडेमच्या जागी चष्मेवाला

चष्मेवाल्याच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की ब्रह्मदेवाच्या बापालाही ती काढता यायची नाही. या खेपेला शिरला तो मोडेम. नेट कंपनीचा मोडेम अकरा वर्षं याच्याकडे भाड्याने होता, आणि दुकानात काच घासता घासता याला एकाएकी साक्षात्कार झाला, की एवढ्या भाड्यात असले दहा डबे विकत आले असते. झालं! संध्याकाळी नवाकोरा मोडेम काखोटीला मारून स्वारी घरी आली, आणि जुना कंपनीकडे परत गेला.

"आता हा आपल्या हक्काचा," तो बायकोला म्हणाला.

"बरं." तिला हक्काशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या तीन बहिणी तीन गावांना, आणि चौघींचा रमीचा डाव रोज दुपारी नेटवर रंगायचा. त्या एका तासाच्या जोरावर आपण बाकीचे तेवीस काढतो, असं ती कुणालाही सांगायची.

दुसऱ्या दिवशी ऐन डावात नेट गेलं. पाठोपाठ कंपनीचा अधिकारी दारात. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म.

"मोडेम तुमचाच ठेवा, आमची हरकत नाही," तो म्हणाला. "पण घरात एक तरी वस्तू कंपनीची, भाड्याने असलीच पाहिजे. नाहीतर कनेक्शन कशाच्या नावावर ठेवायचं?"

"मग जुना द्या परत," बायको म्हणाली.

"अजिबात नाही!" चष्मेवाला गरजला.

"मग घरातलं दुसरं काहीतरी कंपनीच्या नावावर करा. आम्ही तेच तुम्हाला भाड्याने देऊ. मात्र ही सवलत एका घराला एकदाच."

चष्मेवाल्याने घरभर नजर फिरवली. कपाट सासऱ्यांनी दिलेलं, शिलाई मशीन बायकोचं. दोन्हींना हात लावायची त्याची टाप नव्हती. तिकडे थोरली मेहुणी फोनवर विचारत होती, पानं वाटू की नको.

"यांनाच लिहून घ्या," बायको म्हणाली.

"चालेल," अधिकारी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही.

जुन्या मोडेमपुढे नाक घासण्यापेक्षा हे बरं, असं म्हणून चष्मेवाल्याने सही ठोकली. त्याच्या छातीवर लेबल लागलं: 'कंपनीची मालमत्ता. उघडू नये. भिजवू नये.' आणि नेट काय धावायला लागलं म्हणता!

दर आठवड्याला मेकॅनिक यायचा. याच्या कानांवरची धूळ फुंकायचा, तीस सेकंद डोळे मिटायला लावून पुन्हा उघडायला सांगायचा, हवा लागावी म्हणून खिडकीशी नेऊन उभा करायचा. "घोरणं कमी झालं हो," बायको कौतुकाने म्हणायची. चष्मेवाल्यालाही हे लाड आवडायला लागले होते, खोटं कशाला बोला.

मग एक दिवस अधिकारी पुन्हा आला. मॉडेल फार जुनं झालंय, सोमवारी हे उचलून नवीन देऊ, म्हणाला. सोबत रंगीत पुस्तिका. "हे बघा. घोरत नाही. एकदा सांगितलेलं लक्षात ठेवतं."

बायकोने चष्मा लावला आणि सावकाश पानं उलटायला सुरुवात केली. एका पानावर ती बराच वेळ थांबली. चष्मेवाला टाचा उंचावून तिच्या खांद्यावरून बघायला लागला. तीस वर्षांत त्याने तिला कधी विचारलं नव्हतं, तुला मी हवा आहे का म्हणून. आता विचारायची सोय उरली नव्हती.

"अगं..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"जुनंच ठेवायचं असेल तर?" तिने विचारलं.

"विकत घ्यावं लागेल. आणि वॉरंटी नाही."

"लग्नात तरी कुणी दिली होती?"

"पण मग घरात भाड्याचं काहीच उरणार नाही, बाई. सवलत तर वापरून झाली, आणि भाड्याने मोडेम कंपनी आता देत नाही. नेट कायमचं बंद होईल."

बायकोने पुस्तिका मिटली. फोन उचलून तिने थोरल्या बहिणीला सांगितलं, "उद्यापासून तिघीच खेळा गं." आणि फॉर्म पुढे ओढला.

'वस्तू सुस्थितीत मिळाली' असं छापलं होतं. तिने ते दोनदा वाचलं, 'सुस्थितीत' हा शब्द खोडला आणि खाली सही केली.

चष्मेवाला लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

"पुरे आता," ती म्हणाली. "भिजवायचं नाही असं लिहिलंय ना?"