उजव्या खुर्चीतला प्रश्न

मित्रांनो, मी एक जुनं विमान आहे असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण या वयात खोटं कशाला बोलू? मला ना पंख, ना शेपूट. विमानाच्या नाकाचा तेवढा तुकडा म्हणजे मी. पुढे दोन खुर्च्या, मागे शिक्षकांची एक, खिडक्यांच्या जागी पडदे आणि खाली पोलादी पाय. मला सिम्युलेटर म्हणतात. वैमानिक माझ्यात बसून सराव करतात. मी मात्र या हॉलबाहेर कधी पाऊल टाकलेलं नाही.

दूरच्या कारखान्यातून मी खोक्यांत भरून आलो, तेव्हा काय कौतुक झालं होतं माझं! मी धुकं दाखवायचो, वादळ दाखवायचो, इंजिन बंद पाडायचो. कोणी चुकलं की पडदा लाल व्हायचा, आणि मंडळी हसत उठून चहाला जायची. माझ्यात मेलेला माणूस चहा पितो, याचा मला भारी तोरा होता.

त्या काळी डाव्या खुर्चीत कॅप्टन असायचे आणि उजवीकडे सहवैमानिक. उजवीकडच्याने डावीकडच्याला थेट काही सांगायचं नाही, नुसतं सुचवायचं, अशी इथली रीत. एक सहवैमानिक तर फारच मवाळ होता. धुक्याच्या सरावात समोर डोंगर आला, तर हा हळूच म्हणाला, "सर, डोंगर जरा जवळ वाटतोय, नाही का?" कॅप्टन नुसते "हं" म्हणाले. पडदा लाल झाला. मागच्या खुर्चीतले शिक्षक हसून म्हणाले, "मुलगा गुणी आहे हो!"

पुढे खऱ्या धुक्यात, खऱ्या डोंगरापाशी, त्याने तेच वाक्य म्हटलं. विमानाच्या अवशेषांत सापडलेलं ध्वनिमुद्रण शिक्षकांनी माझ्यात बसून ऐकलं. त्या दिवशी कोणी चहाला गेलं नाही. मित्रांनो, तेव्हापासून माझी उजवी खुर्ची रिकामी असली तरी मला रिकामी वाटत नाही. यंत्र थंड होताना माझे सांधे कुरकुरतात, आणि त्यातून मला ऐकू येतं, "नाही का?" मला भीती वाटते. हसू नका, यंत्रालाही वाटते.

मग परदेशातून एक शिक्षिका आल्या. त्यांच्या देशात म्हणे कॅप्टनला सरळ नावाने हाक मारतात. त्यांनी इथेही तेच सुरू केलं. वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्यात बसल्यावर मात्र एकाने नाव घेतलं, तर कॅप्टन तासभर गाल फुगवून बसले. दुसऱ्याच्या तोंडून आवाजच फुटेना. बाईंनी कपाळाला हात लावला.

एके दिवशी उजव्या खुर्चीत एक मुलगी येऊन बसली. त्या मवाळ सहवैमानिकाचीच लेक. डावीकडचे कॅप्टन म्हणजे त्याचे जिवलग मित्र, तिचे लहानपणापासूनचे काका. पुढच्याच आठवड्यात दोघं खरं विमान नेणार होते. बाईंनी मागे बसून धुकं लावलं. डोंगर आला. बाईंनी सांगितल्याप्रमाणे काका मुद्दाम वळले नाहीत.

"काका," ती म्हणाली, "डोंगर जरा जवळ वाटतोय, नाही का?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ते ध्वनिमुद्रण काकांनी ऐकलं होतं, तिने नाही. बापाची बोलायची लकब तेवढी उचलली होती. पडदा लाल झाला. काकांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"पोरी, तुझा बाबा अगदी हेच म्हणाला होता. शेवटचं."

मग बाईंनी विचारलं, "काकांचा हात तापल्या तव्याकडे गेला, तर काय करशील?"

"ओरडेन! हात ओढेन!"

"मग नाव राहू दे. काकाच म्हण. पण तशी ओरड."

पुन्हा धुकं, पुन्हा डोंगर. "काका, डोंगर! वर घ्या!" काकांच्या कपाळावर आठी उमटली, जुनी सवय हो! ती थांबली नाही. "काका, सोडा, मी घेते!" काकांनी हात सोडले. डोंगर माझ्या पोटाखालून निघून गेला, आणि काका तिथेच ढसाढसा रडले.

मित्रांनो, आता मी थकलोय. माझ्या जागी नवं यंत्र येणार आहे, माझे सुटे भाग होतील. त्याचं दुःख नाही. एवढंच मागतो: मोठ्यांचा मान राखा, पण डोंगर दिसला तर स्पष्ट बोला. आणि मोठे व्हाल तेव्हा आठी न घालता ऐका.

डोंगर ओलांडला त्या दिवशी सगळे चहाला गेले. ती मात्र मागे राहिली. तिने उजव्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"हो बाबा," ती हळूच म्हणाली, "जवळच होता."

त्यानंतर माझे सांधे नुसतेच कुरकुरतात.