पन्नासच्या पुढची थरथर

डॅशबोर्डला चिकटवलेल्या बोटभर बुद्धमूर्तीचा कान थरथरला – नुसता कान – आणि, कोणी विश्वास ठेवणार नाही, पण पंजाबरावांना तेवढ्यावरून कळलं की पिकअपनं पन्नासचा वेग गाठला. काट्याकडे बघतो कोण? माझे हे डोळे लोखंडाच्या प्लांटातल्या भट्टीच्या उजेडात पिकलेले... तोवर पायाखालचा पत्रा गुरगुरू लागला, आणि मधे बसलेल्या शकुबाईंचा खांदा गाडी चालवणाऱ्या प्रेमानंदच्या खांद्याला लागला. सुटला. पुन्हा लागला.

पिकअप शकुबाईंची, कॅम्प-१ वस्तीतल्या त्यांच्या मेसची भांडी तीच वाहायची. गेल्या आठवड्यात मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा, म्हणजे क्रॉस, बदलला तो पंजाबरावांनी, कोहक्यात, स्वतःच्या अंगणात. तेव्हापासून ही थरथर. आणि दोष शोधायला बाईंनी बोलावलं कोणाला? प्रेमानंदला! मग मागाहून निरोप – तुमीबी या म्हणे – लग्नात म्हाताऱ्या काकाला बोलावतात तसा. हा प्रेमानंद... केस काळे, म्हणजे रंगवलेलेच असणार. बोलतो कमी, कारण सांगण्यासारखं आहे काय त्याच्यापाशी?

प्रेमानंदनं वेगातच गिअर काढून न्यूट्रल केलं. इंजिन शांत झालं, थरथर मात्र तशीच. म्हणजे दोष शाफ्टमधे, तो हळूच म्हणाला, आणि शकुबाईंनी मान हलवली. ती मान! माझ्या गोष्टींना हलायची ती, माझ्या अंगणात, हातात चहा घेऊन... आणि हा खांद्याचा खेळ, हा तर आपणच बसवून दिला की काय त्या दोघांना, आपल्याच पान्यानं – छे.

सेक्टर ६ च्या कडेला, सावलीत गाडी थांबली. प्रेमानंद गाडीखाली सरपटला. शाफ्टची दोन टोकं एका रेषेत नाहीत, तिथून त्याचा आवाज आला. जोडताना एक टोक दाते चुकवून बसलंय.

"खोलताना जुळवणीच्या खुणा केल्या होत्या का, भाऊ?"

"केल्या ना, चुन्याच्या. वाहून गेल्या असतील." एवढ्यावर थांबायचं होतं, पण शकुबाई ऐकत होत्या. "तशी मले खूण लागतच नाई. प्लांटात एकदा दिवे गेले, तं पुरुषभर उंचीचा शाफ्ट आमी अंधारात नुसत्या वासावर जुळवला होता."

"कावून खोटं बोलता?" शकुबाई म्हणाल्या. रागावल्याही नाहीत. "खुणा केल्याच नाई तुमी. वाघाची गोष्ट सांगता सांगता तसाच शाफ्ट ओढून काढला. माझं ध्यान गोष्टीत नव्हतंच. मी तुमचे हात पाहून राहिली होती."

हात... वाघाला एवढा रंगवला, शेपटीला आग लावली, आणि ही बाई हात पाहत होती – माझे. पंजाबराव स्वतःचे हात उलटेपालटे करून बघू लागले, आणि मधेच थांबले. कारण गाडीखालून प्रेमानंदचा हात पान्यासाठी बाहेर आला होता, ग्रीसनं काळा, मनगटापर्यंत, आणि शकुबाई आता कुठं बघताहेत हे पाहायला पंजाबरावांची मान काही केल्या वळेना.