चातुर्मासातली खडाजंगी

इंद्रभान खोटरे यांना जगात एकच माणूस नको होता, आणि नेमका तोच त्यांना रोज सकाळी फोन करायचा.

जळगाव जामोदला उत्तमरावांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना पोती ठोकून, इंद्रभान मोबाइलवर ऐकायचा रेडिओ चालवत. पोती खताची होती, त्यामुळे येणारा पाहुणा आधी शिंकायचा आणि मग मत मांडायचा. कार्यक्रमाचं नाव 'खडाजंगी'. गावच्या नालीपासून दिल्लीच्या तख्तापर्यंत कुठलाही विषय चालायचा. इंद्रभान विषय काढायचे, लोक फोनवर भांडायचे, आणि शेवटी "यावर श्रोत्यांनीच विचार करावा" म्हणून इंद्रभान हात झटकायचे. स्वतःचं मत त्यांनी कधीच दिलं नाही. खाली दुकानात सगळ्याच पक्षांची माणसं बियाणं घ्यायला येत, आणि रेडिओचा खर्च उत्तमराव करत.

पिंपळगाव राजाचे तुळशीराम वानखडे मात्र मतांचं पोतं सोडूनच बसत. ते सरकारच्या विरोधात होते, विरोधकांच्याही विरोधात होते. रस्ता झाला नाही म्हणून ओरडायचे, आणि झाला की आत्ताच काऊन झाला म्हणून ओरडायचे. एकदा एका श्रोत्यानं 'तुळशीरामभाऊंचं बरोबर आहे' असं म्हटलं, तर त्यालाही त्यांनी खोडून काढलं. इंद्रभान 'वेळ संपली' म्हणायचे, ते 'हे शेवटचं' म्हणायचे, आणि त्यांचं शेवटचं जाहिरातींच्या मानगुटीवर बसून संपायचं. हा माणूस एक दिवस गप्प बसावा, एवढंच मागणं इंद्रभान देवापाशी मागत.

देवानं ते ऐकलं. आषाढी एकादशीनंतर तुळशीरामभाऊंचा फोनच आला नाही. इंद्रभानांनी खुशीत कचोऱ्या मागवल्या.

पण आठवडा उलटला आणि कचोरी अंगावर यायला लागली. फोन कमी झाले. जे आले ते गुळमुळीत. कोणी म्हणे सगळं ठीक चाललंय, कोणी तणनाशकाचं प्रमाण विचारी. धामणगाव बढ्याच्या एका गृहस्थानं सरळ विचारलं, तुळशीराम आहेत का आज? नाहीत म्हटल्यावर त्यानं फोन ठेवला. तेव्हा इंद्रभानांच्या डोक्यात प्रकाश पडला. तीन तालुक्यांतले लोक त्यांच्या कार्यक्रमाला फोन करतच नव्हते. ते तुळशीरामाला उत्तर द्यायला फोन करत होते.

हा प्रकाश उत्तमरावांच्याही डोक्यात पडला. त्यांनी गोड आवाजात सांगितलं, की पुढच्या सोमवारपासून आपण फर्माइशी गाणी लावू, गाण्यांशी कोणी भांडत नाही.

उभी हयात इंद्रभानांनी प्रचाराच्या ऑटोत बसून दुसऱ्यांची नावं ओरडण्यात घालवली होती. निवडून आलेल्यांनी पुढं ओळखही दाखवली नव्हती. 'खडाजंगी' ही त्यांच्या स्वतःच्या नावावरची एकच गोष्ट होती. ती गेली तर पुन्हा ऑटो होताच.

दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याला गाडी बदलून ते पिंपळगाव राजाला गेले. तुळशीरामभाऊ ओट्यावर भेंडी निवडत होते. इंद्रभानांना पाहून त्यांचे डोळे लकाकले, तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. खुलासा त्यांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी केला.

चातुर्मासात माणसं काही ना काही सोडतात. कोणी कांदा, कोणी वांगं. मंदिरात महाराजांनी तुळशीरामभाऊंना विचारलं, तर त्यांना एकही भाजी सोडवेना. तेव्हा कौशल्याबाई सगळ्यांसमोर बोलून गेल्या, की मग राजकारण सोडा, पण ते तुमच्याच्यानं होणार नाही. झालं. 'होणार नाही' म्हटल्यावर विरोध करणं आलंच. तुळशीरामभाऊंनी तिथल्या तिथं हातावर तुळशीचं पान ठेवून, कार्तिकी एकादशीपर्यंत राजकारणावर चकार शब्द काढणार नाही, असा नेम घेतला. सगळा गाव साक्षीला. आता पावसाचं बोलावं तर गोष्ट धरणावर जायची आणि धरणावरून मंत्र्यावर, म्हणून बिचारे बाहेर कशावरच बोलत नव्हते. बोलायला उरलं होतं फक्त घर.

"भाऊ, हे आता माह्या सैपाकाले विरोध करून राह्यले," कौशल्याबाई म्हणाल्या. "वरणात मीठ काऊन टाकलं, म्हणून जाब मागतेत. तुमी रेडिओवर कसं सयन केलं जी?"

इंद्रभानांनी नेम मोडायचं सुचवून पाहिलं. कौशल्याबाईंनी कानाला हात लावले. देवापुढचा शब्द होता तो. मग तुम्हीच बोला फोनवर, असं ते म्हणाले. त्यावर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. इंद्रभान परतीच्या गाडीत बसले ते मान खाली घालूनच.

शनिवार उजाडला. शेवटचा कार्यक्रम. विषय पाण्याच्या टाक्या. इंद्रभान बराच वेळ एकटेच बोलत राहिले, आणि एकदाचा फोन वाजला.

"मी पिंपळगाव राजाहून कौशल्याबाई बोलतो," पलीकडून आवाज आला. "आमच्या गावची टाकी आमदारानं बांधली. लय चांगलं काम केलं."

तेवढ्यात फोनमध्ये खणकन मोठा आवाज झाला. इंद्रभान दचकले. काय पडलं, असं त्यांनी विचारलं.

"पडलं नाई. यायनं ताटावर उलथनं हाणलं."

इंद्रभानांनी खुर्ची पुढे ओढली. तुळशीरामभाऊंचा नेम न बोलण्याचा होता. न वाजवण्याचा कोणी घेतला नव्हता. त्यांनी हळूच विचारलं, की टाकी आमदारांनी नाही बांधली का? ताट खणखणलं. मग काय विरोधकांनी बांधली? त्याहून जोरात खणखणलं. दिल्लीच्या पैशातून झाली असेल, म्हणताच उलथनं थांबेचना.

आणि फोन सुरू झाले. जामोदहून एकजण ताटावर तुटून पडला, धामणगाव बढ्याच्या गृहस्थानं ताटाची बाजू घेतली, आणि ताटानं त्याच्यावरही वार केला. कौशल्याबाई मधूनमधून एखाद्या पुढाऱ्याची मुद्दाम तारीफ करत होत्या. नवऱ्याची कळ कुठे आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? खोलीतल्या पोत्यांना इतक्या दिवसांनी काम मिळालं. जिना चढून उत्तमराव दारात येऊन उभे राहिले होते.

वेळ संपत आली. श्रोत्यांनीच विचार करावा, हे वाक्य इंद्रभानांच्या ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं. उत्तमरावांकडे न बघता ते म्हणाले, "तुळशीरामभाऊ, हा कार्यक्रम आजपासून बंद करायचं चाललंय. लोकं म्हणतेत बरोबर आहे. मले ते पटत नाई. तुमचं काय?"

ताट वाजायला लागलं ते थांबायचं नावच घेईना. जाहिरातीची वेळ झाली आणि निघूनही गेली. इंद्रभानांनी मधे तोंड घातलं नाही. डोळे भरून त्यांना दिसेनासं झालं होतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती. उत्तमरावांनी हळूच दार ओढून घेतलं आणि जिन्यातूनच, सोमवारचं नेहमीसारखं असू दे, असं सांगितलं.

"भाऊ," कौशल्याबाईंचा आवाज आला, "सोमवारी आणखी फोन करतो. आता ठेवा जी, ताटाले पोचा पडला."