लेसिएलीच्या एकविशीचा कॅमेरा

कालोलाइने आत्याने लाविनियाला जायची परवानगी दिली, ती एका अटीवर. शनिवारी दुपारी तिच्या धाकट्या बहिणीची, लेसिएलीची, एकविशी, म्हणजे एकविसाव्या वाढदिवसाची मेजवानी होती. ती नीट टेपवर यायला हवी होती, आणि लाविनियाच्या मागे कॅमेरा कोण धरणार हेही तिनेच ठरवून जायचं होतं.

"एवढी सोय लाव आणि खुशाल जा," आत्या म्हणाली. "मी काय तुला बांधून ठेवलंय?"

लाविनियाला दूर उत्तरेच्या टाऊन्सव्हिल शहरातल्या एका रुग्णालयात नर्सची नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं होतं. शनिवारी संध्याकाळी साडेसहाचं विमान, आणि त्यासाठी घराजवळच्या माउंट ड्रुइट स्टेशनवरून चार वाजून दहा मिनिटांची गाडी; ती चुकली की विमान चुकलं, आणि दुसऱ्या तिकिटाला पैसे नव्हते. त्या रुग्णालयाने एकदा मुदत वाढवून दिली होती. दुसऱ्यांदा देणार नाही, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं.

दोघी बहिणींना वडिलांनी टोंगातल्या व्हावाऊ बेटावरून इकडे परदेशी आत्याकडे पाठवलं त्याला नऊ वर्षं झाली होती. वडिलांच्या बहिणीला नाही म्हणायचं नसतं, हे टोंगन मुलीला दात येण्याआधी कळतं. या नऊ वर्षांत घरातली प्रत्येक एकविशी, बाप्तिस्मा, लग्न, मयत आणि चर्चचा देणगीचा रविवार लाविनियाने टिपला होता. टेपा मटणाच्या डब्यांबरोबर आणि पांघरुणांबरोबर पिंपात भरून बोटीने व्हावाऊला जात. तिथे वडील त्या टेपा गावच्या चर्चच्या सभागृहात लावत आणि अख्खं गाव बघत बसे. त्या टेपांत लाविनिया कुठेच नव्हती. अधूनमधून तिचा खोकला तेवढा ऐकू येई.

गेल्या महिन्यात एका लग्नात फोलाऊकाका जेवण करून सोफ्यावर टेकले. सोफ्यावर कॅमेरा होता. दहा मिनिटांनी ते उठले तेव्हा त्याचा निकाल लागला होता. नवा घेण्यात अर्थ नव्हता, कारण वडिलांच्या यंत्रात फक्त त्या जुन्या छोट्या टेपा चालत. म्हणून गुरुवारी लाविनिया आत्याच्या मुलीला, सिसिलियाला, बरोबर घेऊन पेन्रिथला गेली. जुना कॅमेरा विकायची जाहिरात देणाऱ्याचं नाव डग्लस होतं. निवृत्त बसचालक. त्याने गॅरेजमधल्या टेबलावर टॉवेल अंथरून कॅमेरा मांडून ठेवला होता.

"बारा वर्षांचा आहे, पण फार तर वीस वेळा वापरलाय," डग्लस म्हणाला. "मुलं मोठी झाली. आता कुणाचं काढू? कुत्र्याचं?"

 लाविनियाने घरून कोरी टेप आणली होती. ती आत घातली, कान जवळ नेला आणि यंत्राचा आवाज ऐकला. करकर नव्हती. दोन मिनिटं डग्लसचंच चित्रण केलं, टेप मागे घेतली आणि लावून पाहिली. चित्रात रेघा नव्हत्या, रंग बरे होते. बाहेर काढून टेपची कड दुमडली आहे का, तेही तिने उजेडात धरून बघितलं.

"पोरी, तू कॅमेरा घेतेयस की त्याची शस्त्रक्रिया करतेयस?"

"बॅटरी मेलेली आहे," लाविनिया म्हणाली.

"मेलेली नाही, म्हातारी झालीये. सात-आठ मिनिटं चालते. माझ्यापेक्षा जास्त. वायर लाव, दिवसभर चालेल."

"मग वायर किती लांब?"

"दोन हात."

"सभागृहाला बारा हात लागतात. किंमत त्या हिशेबाने सांगा."

डग्लस हसला आणि किमतीत उतरला. वर जास्तीची लांब वायरही त्याने दिली.

परतीच्या गाडीत लाविनियाने सिसिलियाच्या मांडीवर कॅमेरा ठेवला. सिसिलिया बावीस वर्षांची, नखं रंगवलेली, हुशार. तीन स्टेशनांत तिला सगळं जमलं. शुक्रवारी दुपारभर लाविनियाने तिच्याकडून परसातल्या कोंबड्या टिपून घेतल्या.

"हात हलवू नकोस. श्वास सोड आणि मग झूम कर."

"ताई, कोंबडी हलतेय, मी नाही."

"नाचताना लेसिएली पण हलणार आहे."

"लेसिएली कोंबडीपेक्षा बरी नाचते ना पण?"

दोघी हसल्या. खिडकीतून आत्या बघत होती. ती काहीच बोलली नाही. लाविनियाने त्याला होकार मानलं. नंतर तिला आठवलं, आत्या गप्प बसते तेव्हा तिने आधीच काहीतरी ठरवलेलं असतं.

शनिवारी एक वाजता चर्चचं सभागृह भरलं. लाविनियाची बॅग स्वयंपाकघरात, भाजक्या डुकरांच्या परातींमागे होती. भिंतीकडच्या टेबलावर तीन मजली केक, त्याच्या शेजारी लेसिएलीची खुर्ची आणि तिच्या उजवीकडे फाहूची. टोंगन घरात फाहू म्हणजे वडिलांची बहीण, सगळ्यांत मानाची बाई. समारंभात चटया, ताप्याची, म्हणजे झाडाच्या सालीची, कापडं आणि केकचा वरचा मजला तिच्याकडे जातो, आणि शेवटची प्रार्थना होईपर्यंत ती जागची हलत नाही. आत्याच बसणार, यात लाविनियाला शंका नव्हती. तो मान आत्याने कधी सोडलेला तिने पाहिला नव्हता.

सव्वा वाजता सिसिलिया आली. तिच्या कमरेला मानाच्या प्रसंगी गुंडाळतात ती जुनी बारीक विणीची चटई होती, केसांना तेल होतं. तिने लाविनियाकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मग जाऊन फाहूच्या खुर्चीत बसली.

लाविनिया कॅमेरा हातात घेऊन आत्याकडे गेली.

"आत्या, सिसिलिया कॅमेरा धरणार होती."

"माझे गुडघे गं. चार तास बसवत नाही. म्हटलं, मुलगी बसली काय आणि मी बसले काय."

"पण मला चारला निघायचंय."

"मग जा की. कॅमेरा दे कुणाला तरी."

"सिसिलियाशिवाय कुणाला येत नाही."

"फाहूने उठून वायरी ओढत फिरायचं?" आत्याने आवाज चढवला नाही. शेजारच्या दोन बायकांनी मात्र माना वळवल्या. "तुझ्या बापाला व्हावाऊत ते दिसलं, तर तो काय म्हणेल? तुम्ही भावाच्या मुली. काम तुमचं, बसणं आमचं. हे मी ठरवलं का?"

"मग फोलाऊकाकांचा मुलगा धरेल."

"चुलतभाऊ? आपल्यात मोठा झालेला भाऊ बहिणीपासून लांब राहतो, आणि हा ती नाचताना तिच्यावर भिंग लावणार? शाब्बास. शिकलीस खूप."

शेजारच्या बाईने तोंडाला पंखा लावला. पंख्याआड ती हसत होती.

चूक लाविनियाच्या ध्यानात आली ती तिथेच, भर सभागृहात. घरात कॅमेरा शिकवण्यासारखी एकच मुलगी होती, आणि तिने नेमकं तिलाच शिकवलं होतं, जिला घरच्या समारंभात खुर्चीवरून उठता येत नाही. आज आत्याऐवजी सिसिलिया. पुढे आत्या थकेल तसतशी प्रत्येक वेळी सिसिलिया. परक्या मुलीला शिकवलं असतं, एखाद्या सुनेला शिकवलं असतं, तर चाललं असतं. नऊ वर्षं ती मानपान टिपत होती, आणि स्वतःच्या बाबतीत तिला तो दिसला नाही.

तिने वायर लावली.

दोन वाजता प्रार्थना, अडीचला जेवण. तीन वाजता लेसिएली नाचायला उभी राहिली. तेल लावलेल्या तिच्या दंडांवर पाहुणे नोटा चिकटवू लागले. तिचे हात आणि मान इतक्या संथपणे वळत होती, की सभागृहातली पोरंही गप्प झाली. लाविनिया गुडघ्यांवर बसून सरकत होती, हात स्थिर ठेवून. चित्र चांगलं येत होतं, हे तिला कळत होतं. नाच संपल्यावर लेसिएली तिच्याजवळून जाताना पुटपुटली, "जा ना गं ताई. ठेव तो खाली आणि जा."

"भाषण झालं की जाते."

भाषण पावणेचारला सुरू झालं. आत्या उभी राहिली, गुडघ्यांची तक्रार न करता. आधी तिने देवाचे आभार मानले, मग पाद्रीबाबांचे, मग आचाऱ्यांचे. लाविनियाच्या मनगटावरचं घड्याळ कॅमेऱ्याच्या पट्ट्याखाली गेलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दोन मिनिटं झाली होती. स्टेशन पळत सहा मिनिटांवर होतं.

तेवढ्यात आत्या वळली आणि सरळ भिंगात बघू लागली.

"दादा," ती भावाशी बोलू लागली, आणि तिचा आवाज खरोखरच भरून आला. "तू तिथे बसून हे बघतोयस. तुझी धाकटी कशी नाचली, बघितलंस? आणि तुझी थोरली तुला दिसत नाही, कारण ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसलीये. तिला लांब चाकरी लागली होती, दादा. पण तिने जुना का होईना, कॅमेरा घेतला, माझ्यासाठी, तुझ्यासाठी. आता तुला सगळं दिसेल. सिसिलियाचं लग्न, माझं मरण, सगळं. तिने मला सोडलं नाही. पोर असावी तर अशी."

सभागृहात टाळ्या झाल्या. बायका डोळे पुसू लागल्या. पाद्रीबाबांनी लाविनियाच्या डोक्यावर हात ठेवला. खुर्चीत सिसिलिया मान खाली घालून बसली होती.

लाविनियाचा अंगठा थांबवायच्या बटणावर होता. आत्याचा चेहरा भिंगात पूर्ण मावत होता, डोळ्यांतल्या पाण्यासकट. हे चित्र दोन महिन्यांनी व्हावाऊच्या सभागृहात लागेल, अख्खं गाव बघेल आणि वडील मान ताठ करून बसतील. तिने श्वास सोडला, हात स्थिर केला आणि आत्या खाली बसेपर्यंत टिपत राहिली.

"आलं का गं सगळं?" आत्याने विचारलं.

"आलं, आत्या."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून अकरा मिनिटं झाली होती. आता केक कापायचा होता, आणि वायर तिथपर्यंत पोचत नव्हती. सगळ्यांना थांबायला सांगून ती दुसरा प्लग शोधायला गेली.