ऐंशीवाली आपली

मी एक डिस्क बोलतेय. संगणकाच्या पोटात बसून गरगर फिरणारी, तळहाताएवढी. संगणक सुरू झाला की आधी मी उठायचे, मग बाकी सगळ्यांना उठवायचे. अशा डिस्कला स्टार्टअप डिस्क म्हणतात.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकून वावरत. तिथून मला स्क्रू आवळून पाठवलं ते थेट सरांच्या टेबलावर.

सर अंध मुलांच्या शाळेत गणित शिकवायचे. स्वतःही जन्मापासून अंध. मुलांसाठी ते ब्रेलमध्ये गणिताचं पुस्तक तयार करत होते. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक आवाज त्यांच्यासाठी माझ्यात भरलेला होता. आवाज कसला, कायमचं पडसं झालेला बुवा! 'ळ' त्याला कधी जमलाच नाही. 'फळा'चं 'फला' करायचा. वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, त्याचं नावच पडसेराव ठेवलं.

"माझं एक वाक्य ऐकत नाही, आणि त्याचं दिवसभर ऐकता," त्या म्हणायच्या.

"तो मध्येच विषय बदलत नाही," सर म्हणायचे.

अशी बारा वर्षं गेली. मग सरांच्या लेकीने एक नवी डिस्क आणून माझ्या शेजारी बसवली. ती न फिरणारी, अजिबात आवाज न करणारी, डोळ्याचं पातं लवायच्या आत जागी होणारी. तिच्यात नवा, मधाळ आवाज होता. पडसेराव तिच्यावर चालत नव्हता.

सरांनी दोन दिवस ऐकून घेतलं. "ही बाई फार गोड वाचते गं," ते लेकीला म्हणाले. "गोड आवाजात चुका कळत नाहीत. पडसेराव कसा, डाळीतले खडे वेचून पुढ्यात टाकावेत तसं एकेक अक्षर टाकतो."

आता दोघींपैकी कुणाला उठवायचं ते दर वेळी सुरुवातीलाच सांगावं लागे. तेव्हा पडद्यावर डिस्कची चित्रं येतात, पण ती वाचून दाखवणारं कुणी जागं झालेलं नसतं. सरांनी तोड काढली. संगणक चालू करताना एक कळ दाबून धरायची, मनात बारापर्यंत मोजायचं, उजवा बाण एकदा, मग एंटर. माझी घरघर सुरू झाली की त्यांचे खांदे सैल पडायचे.

एके सकाळी त्यांनी बाण दाबला, एंटर दाबलं, आणि काहीच झालं नाही. 

"गेली वाटतं," ते हळूच म्हणाले.

वहिनी ओले हात पुसत आल्या. "पडद्यावर नुसतं प्रश्नचिन्ह आहे. आणि हे मागे काय खुपसून ठेवलंय?"

लेकीचा पेनड्राइव्ह! काल तो तसाच राहिला होता आणि पडद्यावरच्या चित्रांच्या रांगेत माझ्या आधी घुसला होता. तो काढला, आणि मी उठले. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पुढच्या वर्षी मात्र मी खरंच थकले. ते आधी कळलं सरांच्याच कानांना. "मध्येच टक् करते. पाय ओढत चाललीय."

लेकीने माझी तपासणी केली. "सगळं ठीक दाखवतंय, बाबा."

"तिचं काय ऐकतेस? दुखणं अंगावर काढणारी आहे ती."

चारच दिवसांनी अपूर्णांकांच्या धड्याची तीन पानं मला काही केल्या सापडेनात. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी ती पुन्हा लिहिली. बाकीचं पुस्तक लेकीने नव्या डिस्कवर उतरवलं. पडसेरावाला मात्र नेता आलं नाही.

शाळेतल्या मुलांच्या आजारपणाचे कागदही माझ्यात होते. ते कुणा परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून मला पुसायचं ठरलं. पण बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवता येत नाही. ज्या डिस्कवरून संगणक सुरू झाला, तीच पुसता येत नाही. त्या सकाळी सरांनी संगणक चालू केला आणि हात मांडीवर ठेवले. बाण दाबलाच नाही, म्हणून नवी उठली.

लेक कामावर होती. फोनवरून सांगत होती. "आई, यादीतली जुनी डिस्क निवड."

"अगं, दोघींचं नाव एकच आहे!"

"थांब! काही दाबू नकोस!"

चुकून दुसरी पुसली गेली असती तर पुस्तकावर पाणी पडलं असतं. सर पुढे झुकले. "दोघींचा आकार वाच."

"एकीपुढे पाचशे लिहिलंय. दुसरीपुढे ऐंशी."

"ऐंशीवाली आपली," सर म्हणाले.

वहिनींनी ती निवडली. "पुसलेलं परत मिळणार नाही, असं सांगतंय. दाबू?"

"मी दाबतो."

वहिनींनी त्यांचं बोट एंटरवर नेऊन ठेवलं. दुसरा तळहात सरांनी संगणकाच्या पेटीवर टेकवला होता. काम संपून माझी घरघर थांबेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.

पुसलं जाताना दुखत नाही. अक्षरं गेली, पडसेराव गेला. मी आता सांगतेय ते अक्षरांत कधी नव्हतंच.

आज मी सरांच्या वर्गात आहे, झाकण काढलेली. संगणकाचं पोट कसं असतं ते मुलांना कळावं म्हणून सर मला त्यांच्या हातात देतात. काल एका मुलीने माझ्या चकतीवरून तर्जनी फिरवली.

"सर, हिच्यावर काहीच लिहिलेलं नाही. एक टिंबसुद्धा नाही."

"होतं," सर म्हणाले. "तुझं अख्खं गणिताचं पुस्तक होतं."

 मग तिने पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवायला घेतलं, या वेळी अगदी हळू.

सावकाश वाच, पोरी. मला आता कसलीच घाई नाही.